गणितज्ञ डॉक्टर पाओलो रुफिनी

गंगापूर रोड परिसरातील आपली मुले नववीच्या बीजगणितात संश्लेषक भागाकार शिकतात. इटलीत ही रीत पाओलो रुफिनी यांच्या नावाने ओळखली जाते. ते गणिताचे प्राध्यापक, डॉक्टर आणि निष्ठावंत कॅथोलिक होते. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

रुफिनी यांचा जन्म २२ सप्टेंबर १७६५ रोजी इटलीतील वालेंतानो येथे झाला. वडील डॉक्टर होते. मोदेना विद्यापीठात त्यांनी गणित आणि वैद्यक दोन्हींचे शिक्षण घेतले व १७८८ साली ते तेथेच प्राध्यापक झाले. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा मोदेनात आल्या. नव्या प्रजासत्ताकाच्या एकनिष्ठेची शपथ घेणे रुफिनी यांच्या धर्मबुद्धीला पटेना. १७९८ मध्ये त्यांनी शपथ नाकारली आणि नोकरी गमावली.

त्यांनी रुग्णसेवा सुरू केली. गणितही सोडले नाही. १७९९ मध्ये त्यांनी पाचव्या घाताची समीकरणे सोडवण्याचे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, असा सिद्धांत मांडला. त्यांच्या सिद्धतेत थोडी उणीव होती. नॉर्वेच्या आबेल यांनी १८२४ मध्ये परिपूर्ण सिद्धता दिली.

आता त्यांची रीत पाहू. क्षचा घन, उणे ६ क्षवर्ग, अधिक ११ क्ष, उणे ६ ही बहुपदी घ्या. (क्ष − १) हा एक अवयव ठाऊक आहे. फक्त सहगुणक मांडा: १, −६, ११, −६. पहिला १ तसाच खाली उतरवा. त्याला १ ने गुणून −६ मध्ये मिळवा: −५. पुन्हा तसेच करा: ६, आणि शेवटी ०. बाकी शून्य आली, म्हणजे अवयव बरोबर. उरले क्षवर्ग, उणे ५ क्ष, अधिक ६. त्याचे अवयव (क्ष − २) आणि (क्ष − ३). एक अवयव हाती असला की अवघड गणित असे एका पायरीने सोपे होते.

पुढे पादुआ विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. पण आपले रुग्ण सोडून जायला ते तयार झाले नाहीत. १८१४ मध्ये ते मोदेना विद्यापीठाचे प्रमुख झाले. १८१७-१८ च्या टायफसच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाही तो आजार जडला. त्यातून ते वाचले, पण प्रकृती पूर्ववत झाली नाही. तरीही १८२० मध्ये त्यांनी स्वानुभवावरून टायफसवर निबंध लिहिला. १० मे १८२२ रोजी त्यांचे निधन झाले.

मुले हा भागाकार करायला बसतील, तेव्हा पालकांनी त्यांना या डॉक्टरांविषयी जरूर सांगावे, असे आम्हांला वाटते.