नटवर्य केशवराव भोसले

१९२१ सालच्या जुलै महिन्याची आठ तारीख. मुंबईतील ग्रँट रोडवरच्या बालीवाला नाट्यगृहाकडे त्या दिवशी सगळ्या शहराचे लक्ष लागले होते. गिरगावच्या चाळींतील बिऱ्हाडकरू पायी निघाले होते. परळ-दादरकडील मंडळी ट्रामने येत होती. धनिकांच्या घोडागाड्या दाराशी थांबत होत्या. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक ठेवलेले होते. तरीही नाट्यगृह गच्च भरून गेले. खेळ काही नवा नव्हता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' हे संगीत नाटक मुंबईकरांनी दहा वर्षांपूर्वीच पाहिले होते व त्यातील पदे अनेकांना मुखोद्गत होती. मग एवढी गर्दी कशासाठी? कारण त्या रात्री दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे दोन नायक प्रथमच एका रंगमंचावर उभे राहणार होते. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले!

या केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. पितृछत्र लवकर हरपले आणि घरची स्थिती हलाखीची झाली. त्या काळी सुस्वर गळ्याच्या गरीब मुलांना नाटक मंडळीचा आश्रय मिळत असे. मंडळीत दोन वेळचे जेवण मिळे, अंगावर वस्त्र मिळे आणि गाण्याची तालीमही मिळे. लहानगा केशव आपला थोरला भाऊ दत्तोबा याच्यासह जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. ज्या वयात इतर मुले पाटी घेऊन शाळेत जातात, त्या वयात हा मुलगा तंबोऱ्याशेजारी बसून सूर घोटू लागला.

त्या काळी स्त्रिया मराठी रंगभूमीवर क्वचितच येत. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाच्या, अशी रूढी होती. केशवच्या वाट्याला गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकातील शारदेची भूमिका आली. द्रव्यलोभी बाप आपल्या कोवळ्या मुलीचा विवाह एका वृद्धाशी ठरवितो, अशी ही करुण कथा. शारदेच्याच वयाचा हा मुलगा जेव्हा तिचे दुःख सुरांतून व्यक्त करी, तेव्हा प्रेक्षकांची अंतःकरणे हेलावून जात. गावोगावी लोक नाटकाच्या नावाबरोबर शारदेच्या नटाचेही नाव विचारू लागले. वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षाच्या सुमारास केशवने असे नाव मिळविले.

पुढे केशवरावांना स्वतंत्रपणे काही करून दाखवावे, असे वाटू लागले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी आपली स्वतःची संस्था उभी केली. तिचे नाव ललितकलादर्श. त्या वेळी ते केवळ सतरा वर्षांचे होते! नाटक मंडळी चालविणे म्हणजे मोठा संसार चालविणेच होय. नट, गवई, साथीदार, रंगारी, शिंपी, आचारी अशी कितीतरी माणसे पोसावी लागत. पडदे, पोशाख व सामान घेऊन गावोगाव हिंडावे लागे. एखाद्या गावी पाऊस पडला वा साथ आली की उत्पन्न बुडे. परंतु पंगत काही थांबविता येत नसे. हा सगळा भार त्या तरुणाने धीराने उचलला.

केशवरावांचा आवाज उंच, तेजस्वी आणि पल्लेदार होता. त्या वेळी नाट्यगृहांत ध्वनिक्षेपक नव्हते. नटाचा स्वर शेवटच्या बाकावरील माणसापर्यंत स्वतःच्या बळावर पोहोचला पाहिजे, अशी स्थिती होती. केशवरावांची तान सहज पोहोचत असे. तथापि निसर्गाच्या या देणगीवर ते विसंबून राहिले नाहीत. नावलौकिक मिळाल्यावरही त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या कसलेल्या गवयाचे शिष्यत्व पत्करले. टाळ्या मिळविणाऱ्या माणसाने पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे सोपे नसते. केशवरावांना ते जमले, म्हणूनच त्यांचे गाणे वाढत गेले.

ललितकलादर्श मंडळीने जुन्या नाटकांबरोबर नवी नाटकेही रंगभूमीवर आणली. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' नाटकातील केशवरावांची मृणालिनी गाजली. मामा वरेरकरांच्या 'हाच मुलाचा बाप' या नाटकाने हुंड्याच्या दुष्ट चालीवर प्रहार केला. रंगमंच देखणा असावा, याकडेही केशवरावांचे लक्ष असे. पु. श्री. काळे यांच्यासारख्या कुशल चित्रकाराकडून त्यांनी पडदे रंगवून घेतले. मराठी रंगभूमीवर मखमली पडदा आणल्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

त्या काळच्या मुंबईकरांचे नाटकाचे वेड आज आपणांस नवलाचे वाटेल. मुंबईत नभोवाणी सुरू झाली ती १९२७ साली. तोवर आवडत्या नटाचे गाणे मनसोक्त ऐकावयाचे, तर नाट्यगृहातच जावे लागे. कोणती मंडळी मुंबईत उतरली आहे, कोणती भूमिका कोण करणार आहे, याची बित्तंबातमी रसिक ठेवीत. हस्तपत्रक हाती पडले की आधी नटांची नावे वाचली जात. खेळ रात्री सुरू होई आणि पदामागून पदांना 'वन्समोअर' मिळत गेल्याने तो संपता संपता उत्तररात्र होई. जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी लोक घरी परतत आणि सकाळी चाळीच्या गॅलरीत पुन्हा त्याच नाटकाची चर्चा सुरू होई.

या रसिकांत दोन पक्ष पडले होते. नारायण श्रीपाद राजहंस यांना लोकमान्य टिळकांनी बालपणीच 'बालगंधर्व' म्हणून गौरविले होते. त्यांचा स्वर मधुर व मृदू. त्यांच्या मुद्रेवरील भाव लोभस. बालगंधर्वांचे चाहते त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणास मानीत नसत. उलट केशवरावांच्या चाहत्यांना त्यांच्या गाण्यातील तेज व आवेश यांपुढे सारे फिके वाटे. एकाची स्तुती करावयाची, तर दुसऱ्याची निंदा केलीच पाहिजे, अशी जणू रीतच पडून गेली होती. दोन मंडळ्या वेगळ्या, त्यांची नाटके वेगळी. तेव्हा या वादाचा निकाल लागणार तरी कसा?

१९२० सालच्या १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ राष्ट्रसभेने टिळक स्वराज्य फंड उभारण्याचे ठरविले. एक कोटी रुपये जमवावयाचे होते. देशातील लहानथोर आपापल्या परीने त्यात भर घालू लागले. नटांजवळ देण्यासारखे काय होते? त्यांची कला! गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श यांनी मिळून एक खेळ करावा आणि त्याचे उत्पन्न या फंडास द्यावे, असे ठरले. हाच तो 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग.

या निश्चयात केवढे साहस होते, ते ध्यानात घेतले पाहिजे. भामिनी ही बालगंधर्वांची गाजलेली भूमिका. 'मानापमान'चा पहिला प्रयोग १९११ साली मुंबईतच झाला, तेव्हापासून ती त्यांच्या नावाशी जोडली गेली होती. केशवरावांची कीर्ती प्रथम वाढली ती स्त्रीभूमिकांमुळे. आणि येथे तर त्यांना शूर सेनापती धैर्यधर व्हावयाचे होते, तेही अशा नायिकेसमोर. कोणी एक फिका पडला, तर प्रेक्षागृहातील अर्धे लोक आनंदित होणार आणि अर्धे लज्जित होणार. शिवाय दुसऱ्या दिवशी ती वार्ता गावभर पसरणार! आपल्या कीर्तीला जपणारा नट असा प्रसंग टाळता. या दोघांनी तो आपण होऊन स्वीकारला.

नाटकाची कथाही या प्रसंगास साजेशीच होती. श्रीमंतीच्या अभिमानामुळे भामिनी निर्धन धैर्यधराचा अपमान करते. पुढे साधा वेष धारण करून ती त्याच्या सहवासात येते, तेव्हा तिला त्याच्या गुणांची पारख होते आणि मानापमान विसरून दोघे एक होतात. त्या रात्री धैर्यधराचे एक पद रंगावे, त्यावर भामिनीने तितक्याच तोलाचे उत्तर द्यावे, असा सोहळा चालला. दोघांनीही आपले सर्वस्व ओतले. परंतु एकमेकांवर मात करण्यासाठी नव्हे, तर खेळ उंचावण्यासाठी. आपल्या पक्षाच्या नटास टाळ्या देण्यासाठी आलेल्या लोकांनी दुसऱ्या नटासही टाळ्या दिल्या. फंडास हजारो रुपये मिळाले. दोघांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचा निकाल मात्र लागला नाही.

दैवाची गती विचित्र असते. या प्रयोगास तीन महिनेही लोटले नाहीत, तोच केशवरावांना विषमज्वराने गाठले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. जो संयुक्त प्रयोग एका थोर पर्वाचा आरंभ वाटला होता, तो त्यांच्या जीवनाचा कळस ठरला. बालीवाला नाट्यगृहात जे त्या रात्री हजर होते, त्यांनी पुढे आयुष्यभर आपल्या मुलानातवंडांना ती हकीकत सांगितली.

केशवराव गेले, पण त्यांनी लावलेला वृक्ष उन्मळून पडला नाही. त्यांचे सहकारी बापूराव पेंढारकर यांनी ललितकलादर्शची धुरा खांद्यावर घेतली आणि १९३७ साली देहावसान होईपर्यंत ती वाहिली. त्यांच्यामागून त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी तीच परंपरा पुढे चालविली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला १९५७ साली केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, या नाट्यगृहास भीषण आग लागली. ती वास्तू जळताना पाहून कोल्हापूरकरांचे डोळे पाणावले. पुढे तिच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. माणसाला जाऊन शंभरांहून अधिक वर्षे झाली, तरी त्याच्या नावाच्या घरासाठी लोक हळहळतात, याहून मोठे स्मारक ते कोणते?

आवडत्या कलावंतावर जीव टाकणे हा रसिकाचा धर्मच आहे. परंतु एकावरील प्रेमासाठी दुसऱ्याचा द्वेष करावा लागत नाही. चाहते ज्यांच्यासाठी भांडत होते, ते दोघे मात्र हातात हात घालून रंगमंचावर उभे राहिले आणि आपल्या वागण्यानेच त्यांनी हा धडा दिला. पुण्यात बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर आहे, तर कोल्हापुरात केशवरावांच्या नावाचे नाट्यगृह. मराठी रसिकांच्या हृदयात मात्र या दोघांना एकाच घरी जागा मिळाली आहे.