जगत्सेठ महताब राय

मुर्शिदाबादचे सराफ महताब राय यांना ‘जगत्सेठ’ हा किताब आणि पेढी आजोबा फतेहचंद यांच्याकडून लाभली. बंगालचा महसूल या पेढीमार्फत दिल्लीला जाई. टाकसाळीवरही तिचाच वचक. फतेहचंदांच्या पाठबळाने १७४० मध्ये अलिवर्दीखान नवाब झाला. १७४२ मध्ये मराठी घोडदळाने सेठांचा वाडा लुटला, तरी पेढी डगमगली नाही. नवाब बसवणे-उठवणे हा जणू घरचाच व्यवहार! सिराजउद्दौल्याशी बिनसताच महताब राय क्लाइव्ह व मीर जाफर यांच्या कटात सामील झाले, आणि १७५७ मध्ये प्लासी घडली. पुढे १७६३ मध्ये, इंग्रजांशी संगनमताच्या संशयावरून, मीर कासीमने त्यांना व चुलतभाऊ स्वरूपचंद यांना ठार केले. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. खजिनाही कालांतराने कलकत्त्याला हलला.