आकाशातून ओळखलेला रोग

आपल्याला ताप आला तर डॉक्टर नाडी पाहतात. पण हजारो नारळाची झाडे आजारी पडली तर? केरळच्या किनाऱ्यावर नारळाला मुळांचा एक रोग होतो. झाड लगेच मरत नाही. पाने मलूल होतात, फळ कमी येते. त्यावर खात्रीचे औषध नाही. रोगट झाड वेळीच ओळखून काढून टाकावे लागते. एकेका झाडाखाली जाऊन तपासायचे म्हटले, तर किती दिवस लागतील याचा विचार करा!

हे काम आकाशातून करून पाहिले डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी. त्यांचा जन्म १९०९ साली केरळमध्येच झाला. ते मूळचे हवामानशास्त्रज्ञ. १९४२ साली ते हवामान खात्यात आले. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक होते.

१९७० साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी हा नवा प्रयोग केला. या वयात पुष्कळ लोक निवृत्त होऊन घरी बसतात! हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे फोटो घेतले गेले. कॅमेऱ्यात फिल्म मात्र वेगळी होती. सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही असतात. निरोगी पान हे किरण भरपूर परत फेकते, रोगट पान कमी. त्यामुळे या फिल्मवर निरोगी झाड लाल उमटते आणि रोगट झाड फिकट. भारतातील दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगाने झाली, असे मानतात.

१९८८ साली नियमित कामासाठीचा भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आकाशात गेला. त्याचे कॅमेरेही अवरक्त किरण टिपत होते. पिशारोटी यांनी हे सारे पाहिले. २००२ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळ सुंदरबनावर आदळले. तिथे चिखल, खाड्या आणि वाघ! खारफुटीचे किती नुकसान झाले, हे पायी फिरून कसे मोजणार? म्हणून वादळापूर्वीची आणि नंतरची उपग्रहचित्रे शेजारी ठेवतात. लाल रंग जिथे फिका पडला, तिथे पाने झडली किंवा झाडे मोडली. एक अडचण मात्र असते. आभाळ निवळेपर्यंत थांबावे लागते, कारण ढगांच्या आडचे या कॅमेऱ्यांना दिसत नाही. जन्मभर ढगांचा अभ्यास केलेल्या पिशारोटींना याची गंमत वाटली असती. नुसती पाने झडलेली काही झाडे पुन्हा पालवतात. म्हणून काही महिन्यांनी तीच जागा पुन्हा पाहतात आणि लाल रंग कुठे परतला, कुठे नाही, ते नकाशावर मांडतात.