मेडावरांचा प्रश्न

२८ फेब्रुवारीला आम्ही शाळेत विज्ञान दिवस साजरा करतो. त्याच तारखेला, १९१५ साली, पीटर मेडावर ब्राझीलमध्ये जन्मले. शिक्षण ऑक्सफर्डला. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोच्या रुग्णालयात त्यांनी पाहिले, की भाजलेल्या रुग्णाला दुसऱ्याची त्वचा लावली तर शरीर ती टाकून देते. पुन्हा लावली तर आणखी लवकर. पुढे १९६० साली प्रतिकारशक्तीवरील कामासाठी बर्नेट यांच्यासह नोबेल मिळाले.

आम्हाला मात्र त्यांचा १९५३ सालचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. बाळात निम्मा वाटा वडिलांचा. मग आईचे शरीर त्याला परके मानून टाकून का देत नाही? मेडावरांनी सुचवले, की वार दोघांमध्ये भिंत होत असावी, किंवा आईची प्रतिकारशक्ती थंडावत असावी. उत्तर अपुरे ठरले. आईच्या प्रतिकारपेशी गर्भाशयात स्वस्थ बसत नाहीत. त्या वारेच्या पेशींशी रासायनिक संकेतांची देवाणघेवाण करतात, रक्तवाहिन्या वाढवणारी द्रव्ये सोडतात. वाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत तर बाळाची वाढ खुंटू शकते, आईचा रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. पालकांनी गर्भारपणातील तपासणी म्हणूनच टाळू नये.

१९६९ साली मेडावरांना पक्षाघात झाला. तरी पत्नी जीन यांच्या साथीने ते १९८७ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, लिहीत राहिले.