कॅप्टन न झालेला लीडर

बास्केटबॉलची झोनल हरून नाशिकला परतताना बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता १९११ चा इंग्लंड दौरा बघा. भारतीय टीम एकामागून एक मॅच हरतेय. कर्णधार पतियाळाचे महाराज, पण त्यांचं लक्ष मैदानापेक्षा मेजवान्यांत जास्त! अशा टीममध्ये डावखुरे फिरकीपटू बाळू पालवणकर ओव्हरवर ओव्हर टाकत राहिले. दौऱ्यात ११४ विकेट्स! पुढे लेस्टरशायर आणि सॉमरसेटला टीमने हरवलंही.

हे तेच बाळू, ज्यांना पुण्यात टीममधले लोक चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या कपात द्यायचे. जात चांभार, म्हणून. मैदानात बॉल मात्र त्यांच्याच हातात हवा असायचा, ही गंमत बघा.

हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. १९२० मध्ये विठ्ठललाही डावललं, तेव्हा भावांनी खेळायलाच नकार दिला. आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. बाळू तेव्हा पन्नाशीला टेकले होते.