किराणा दुकानदाराने परळच्या स्वयंपाकघरात दंतमंजन बनवलं, डोंबिवलीत त्याच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं

डोंबिवलीत रिक्षावाल्याला 'विको नाका' सांगा, तो पुढचं काही विचारत नाही. 'पेंढरकर कॉलेज' म्हणा, तरी तेच. कल्याण-डोंबिवलीतल्या हजारो मुलांनी त्या कॉलेजातून बीकॉम, बीएस्सी केलं. पण आपल्या मार्कशीटवर ज्यांचं नाव छापलंय ते के. व्ही. पेंढरकर नेमके कोण, हे विचारलं तर बरेच जण गप्प बसतात.

ते ना शिक्षणमहर्षी होते, ना पुढारी. ते किराणा दुकानदार होते. पन्नाशीच्या दशकात त्यांनी दात घासायची पावडर बनवून दारोदार विकली, आणि त्या पावडरीतून विको ही कंपनी उभी राहिली.

त्यांची गोष्ट नीट समजून घेतली तर आपण रोज सकाळी ब्रशवर काय घेतो, ते का घेतो आणि त्याचा उपयोग किती, हेही समजतं.

नागपूरहून मुंबईला

केशव विष्णू पेंढरकर यांचं नागपुरात किराण्याचं दुकान होतं. संसार मोठा आणि दुकानाची कमाई बेताची. म्हणून ते बायकोमुलांना घेऊन मुंबईला आले. इथे छोटेमोठे धंदे करून पाहिले, बांद्र्याला दुकान टाकलं आणि पुढे परळला मुक्काम हलवला.

गिरणगावातलं ते परळ होतं. बाजारात परदेशी कंपन्यांच्या क्रीम आणि पेस्टचा जोर होता. कोलगेट कंपनी १९३७ पासूनच भारतात होती. पण पेस्ट ही शहरातल्या खात्यापित्या घरांची गोष्ट. बाकी लोक कोळशाची पूड, राख, मीठ, बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी वापरायचे. काळं दंतमंजन मिळायचं. आणि घरोघरी मशेरी असायचीच.

दुकानदाराला गिऱ्हाईक काय मागतं हे कळतं. परदेशी कंपन्या विकतात ते रसायन. आपल्याकडे आजीच्या बटव्यात दातांसाठी लवंग, बाभूळ, खैर आहेच. मग तेच नीट दळून, चाळून, डब्यात भरून का विकू नये, असा पेंढरकरांचा साधा हिशोब होता. त्यांच्या एका नातेवाइकाला आयुर्वेदिक औषधांची थोडीफार जाण होती. त्याची मदत घेऊन पावडर तयार झाली.

साल होतं १९५२. वडिलांच्या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून झालं 'विको'. कारखाना म्हणजे राहत्या घराचं स्वयंपाकघर. बाकीच्या खोल्यांत गोदाम आणि ऑफिस. माल तयार झाला की पेंढरकर आणि मुलं पिशव्या घेऊन घरोघर फिरायची.

पावडरीचं नाव वज्रदंती. हे नाव हवेतून आलेलं नाही. वज्रदंती नावाची वनस्पती खरंच आहे. पिवळ्या फुलांचं, काटेरी झुडूप, आपल्याकडे त्याला कोरांटी म्हणतात. दात दुखला की त्याची पानं चावायची जुनी रीत आहे.

डब्यात होतं काय?

बाभूळ, बकुळ, खैर, जांभूळ, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध, अक्कलकारा, हिरडा, बेहडा, आवळा अशा वनस्पती त्यात होत्या. यांतल्या बऱ्याच गोष्टी आजही आपल्या घरात सापडतील. त्या काय करतात ते थोडक्यात पाहू.

बाभूळ, खैर आणि हिरड्यात टॅनिन हा तुरट घटक असतो. तो हिरडीला लागला की ती आवळल्यासारखी वाटते आणि रक्त येणं तात्पुरतं कमी होऊ शकतं. लवंगेत युजेनॉल असतं. ते जागा थोडी बधिर करतं, म्हणून दाढ दुखली की लवंगेने बरं वाटतं. तुमचा डेंटिस्टसुद्धा तात्पुरतं सिमेंट भरताना झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल वापरतो. दवाखान्यात शिरल्यावर येणारा तो ओळखीचा वास बऱ्याचदा त्याचाच असतो.

म्हणजे या गोष्टींत अर्थ नव्हता असं अजिबात नाही. पण त्या काय करत नाहीत, हेही माहीत हवं. लवंगेने दुखणं थांबतं, कीड थांबत नाही. तुरट पावडरीने हिरडी आवळते, पण दातावर जमलेला कडक थर निघत नाही.

पावडरीकडून पेस्टकडे

काही वर्षांतच पेंढरकरांच्या लक्षात आलं की नव्या पिढीला पावडर नको, ट्यूबमधली पेस्ट हवी. पण इतक्या वनस्पतींचे अर्क टिकतील, ट्यूबमध्ये सुकणार नाहीत, चवीला चालतील अशी पेस्ट बनवणं सोपं नव्हतं. त्यात कित्येक वर्षं गेली. त्यांचा मुलगा गजानन फार्मसी शिकलेला होता. त्याच्या शिक्षणाचा इथे उपयोग झाला.

धंदा वाढला तसं परळचं घर पुरेना. पुढे डोंबिवलीच्या एमआयडीसीत विकोचा मोठा कारखाना उभा राहिला. डोंबिवली तेव्हा आजच्यासारखी गर्दीची नव्हती. कारखान्यावरून नाक्याला नाव पडलं, आणि डोंबिवली शिक्षण प्रसारक मंडळाच्या कॉलेजला केशवरावांचं.

१९७१ मध्ये केशवराव गेले. हळदीची क्रीम १९७५ मध्ये आली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर विकोच्या जाहिराती घराघरात पोचल्या. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही.

औषध की सौंदर्यप्रसाधन? ठाण्याच्या कोर्टात लागलेला प्रश्न

त्यांच्या मागे एक मोठी लढाईही झाली. १९७८ च्या सुमारास केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याने म्हटलं की ही पेस्ट आणि क्रीम ही औषधं नाहीत, प्रसाधनं आहेत. फरक शब्दाचा नव्हता, कराचा होता. प्रसाधनावर कर जास्त, आयुर्वेदिक औषधावर कमी.

प्रकरण ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात गेलं. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कराचे नियम बदलल्यावर वाद पुन्हा उभा राहिला आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथेही कंपनीच जिंकली.

इथे वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोर्टाने ठरवलं ते कर कोणत्या खान्यात बसवायचा हे. एखादी पेस्ट कीड किती रोखते, हा प्रश्न कराच्या खटल्यात सुटत नाही. त्याचं उत्तर दंतशास्त्राकडे मागावं लागतं.

मग आज काय वापरायचं?

पेंढरकरांनी पावडर विकायला काढली तेव्हा दंतवैद्यकाचा कायदा होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. तो कायदा १९४८ चा. डेंटिस्ट फारच थोडे होते. दात दुखला की काढून टाकायचा, हाच उपचार. अशा काळात लोकांना रोज दात घासायची स्वच्छ, विनातंबाखूची वस्तू मिळणं ही मोठी गोष्ट होती. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने दात साफ होत नाहीत, तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र वाढतो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर सरकारने बंदी घातली ती १९९२ मध्ये. पेंढरकरांच्या पावडरीनंतर तब्बल चाळीस वर्षांनी!

आज डोंबिवली स्टेशनच्या आसपास चार इमारती पाहिल्या तर एक तरी डेंटिस्टची पाटी दिसते. माहितीही खूप वाढली आहे. तिचं सार असं:

कीड रोखण्यासाठी सर्वात भक्कम पुरावा फ्लोराइडचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पेस्ट हर्बल असो वा नसो, ट्यूबच्या मागे फ्लोराइड लिहिलंय का ते बघा. साधारण १००० पीपीएम असेल तर मोठ्या माणसाला ठीक.

पावडर बोटाने घासली तर दोन दातांच्या फटीत पोचत नाही. खरखरीत पावडर, कोळसा किंवा मीठ जोरात घासलं तर दातावरचं कवच झिजतं. झिजलेलं कवच परत येत नाही. मऊ ब्रश, हलका हात आणि दोन मिनिटं एवढं पुरे.

रात्रीचा ब्रश सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे नेमका तोच राहतो. सकाळची लोकल पकडायची म्हणून घाईत दात घासले जातात, आणि रात्री दहाला घरी पोचलेला माणूस जेवून तसाच आडवा होतो. झोपेत लाळ कमी सुटते. दिवसभराचा चहा, बिस्किटं, वडापाव यांचा चिकट थर रात्रभर दातांवर बसतो आणि त्यातले जंतू आम्ल तयार करतात. घासल्यावर पेस्ट थुंका, पण लगेच खळाखळा चूळ भरू नका. थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या.

घासताना हिरडीतून रक्त आलं तर ब्रश बंद करू नका. बऱ्याचदा ते थर साठल्याचं लक्षण असतं. मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार लवकर होतो, आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात ठेवणं अवघड जातं. दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, ही समजूत चुकीची आहे. हिरडीच्या आजाराने दात आधीच सैल झालेले असतात. थर निघाल्यावर ते जाणवतं, एवढंच. वर्षातून एकदा तरी दाखवून या. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागलं, तर अजिबात थांबू नका. तंबाखू, गुटखा, मशेरी घेणाऱ्यांनी तर नाहीच.

केशवरावांचं नेमकं काय घ्यायचं?

पेंढरकर डॉक्टर नव्हते, वैद्य नव्हते. त्यांनी कोणता शोध लावला असंही नाही. लोकांच्या घरात आधीपासून होतं तेच त्यांनी स्वच्छ करून, परवडेल अशा डब्यात घातलं आणि पायपीट करून दारापर्यंत पोचवलं. काळ बदलला तशी पावडर सोडून पेस्ट बनवायलाही ते तयार झाले.

त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलेल्यांनी आज घरी एवढं करावं: घरात कुणी अजून मशेरी लावत असेल तर तिच्याशी किंवा त्याच्याशी बोला आणि या आठवड्यात डेंटिस्टकडे घेऊन जा. एकट्याने ती सुटणं कठीण असतं. सोबत कुणी असेल तर जमतं.