सुटलेला बंदिवान

एकोणिसाव्या शतकात आयर्लंड देश इंग्रजांच्या अमलाखाली होता. तेथील डाउथ या गावी १८४४ साली जॉन बॉइल ओरायली याचा जन्म झाला. वडील शिक्षक होते. थोरला भाऊ छापखान्यात उमेदवारी करीत असे. तो आजारी पडताच अकरा वर्षांचा जॉन त्याच्या जागी खिळे जुळवू लागला.

पुढे तो इंग्रजी फौजेत घोडेस्वार झाला. परंतु मायदेशाचे दास्य त्याच्या मनात सलत होते. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या 'फेनियन' या गुप्त संघटनेचे कार्य तो फौजेत राहूनच करू लागला. १८६६ साली ही गोष्ट उघडकीस आली. त्याला प्रथम देहदंड फर्मावण्यात आला. नंतर त्याऐवजी वीस वर्षांची सक्तमजुरी झाली.

१८६७ च्या ऑक्टोबरात कैद्यांनी भरलेल्या जहाजातून त्याची ऑस्ट्रेलियाकडे रवानगी झाली. त्या कष्टमय प्रवासातही त्याने व त्याच्या सोबत्यांनी एक हस्तलिखित वृत्तपत्र चालविले. पश्चिम ऑस्ट्रेलियात उतरल्यावर रानातून रस्ते करण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

१८६९ साली एका धर्मोपदेशकाच्या साहाय्याने तो निसटला. होडीतून तो समुद्रात गेला. पण ठरलेले जहाज त्याला न पाहताच निघून गेले! तो वाळूच्या टेकड्यांत दडून राहिला. काही दिवसांनी देवमाशांची शिकार करणाऱ्या एका अमेरिकन जहाजाने त्याला उचलून घेतले, आणि त्याच वर्षी तो अमेरिकेस पोहोचला.

बॉस्टन शहरात कवी व संपादक म्हणून त्याचा लौकिक झाला. आता त्याला कशाची उणीव होती? परंतु त्याचे सोबती अद्याप फ्रीमँटलच्या तुरुंगात खितपत पडले होते. त्यांच्या सुटकेसाठी शिकारी जहाजच पाठवावे, असा सल्ला त्याने आपल्या मित्रांना दिला. त्याप्रमाणे 'कॅटाल्पा' जहाज निघाले. १८७६ च्या एप्रिलमध्ये सहा बंदिवान त्यावर चढले. इंग्रजांच्या आगबोटीने जहाज अडविले, तेव्हा कप्तानाने अमेरिकेचे निशाण दाखविले. आगबोट मुकाट्याने परतली.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीही ओरायलीने आपली लेखणी व वाणी झिजविली. १८९० साली तो मरण पावला. मायभूमीचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. पण स्वतःच्या पायांतील बेड्या तुटल्यावर दुसऱ्यांच्या बेड्यांचा त्याला कधी विसर पडला नाही.